यादीच्या तळाशी राहिलेले दार

मित्रांनो, मी एक जुना इंटरफेस आहे. मला ना हात, ना पाय, ना चेहरा. संगणकाच्या प्रोग्राममध्ये लिहिलेला मी एक करार आहे, तोही एका ओळीचा. जो माझ्यावर सही करेल त्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: तुझी पुढची तपासणी कधी?

हा प्रश्न खरे तर मामांचा. मामा म्हणजे बसच्या वर्कशॉपमधले सर्वांत जुने मेकॅनिक. प्रोग्राम लिहायला आलेल्या चष्मेवाल्या बाईंनी त्यांना त्यांचे काम विचारले, तेव्हा ते हात पुसत म्हणाले, "टायर असो नाहीतर ब्रेक, मी रोज सकाळी एवढंच बघतो. कुणाची तारीख जवळ आली?"

बाईंना हवे ते सापडले. टायरसाठी एक, ब्रेकसाठी दुसरी अशा याद्या त्यांनी केल्याच नाहीत. 'यादी' नावाचा एकच जेनेरिक क्लास, म्हणजे कुठलीही वस्तू सामावून घेणारा साचा, लिहिला. त्यात टायर ठेवा, ब्रेक ठेवा, बॅटरी ठेवा. अट एकच, आत येणाऱ्याने माझ्यावर सही केलेली हवी. टायर म्हणजे काय, हे यादीला आजही ठाऊक नाही. ती फक्त माझा प्रश्न विचारते आणि ज्याची तारीख सर्वांत जवळची, त्याला वर आणते. वर्कशॉपमध्ये रोज सकाळी वरची काही नावेच दिसतात.

सहा वर्षे आमचे छान चालले. मामांनी त्यांची तेलकट वही कपाटात टाकली. "आता ही यादी म्हणेल तसं," असे ते सगळ्यांना सांगायचे. ते ऐकून मी फुगून जायचो. आज त्या फुगण्याची लाज वाटते.

मग बाई दुसरीकडे गेल्या आणि नव्या बस आल्या, मागचे दार आपोआप मिटणाऱ्या. ते दार यादीत घालायचे काम नव्या प्रोग्रामरकडे आले. त्याची तपासणी किती दिवसांनी करायची, हे मामांना विचारायला हवे होते. वर्कशॉप दोन जिने खाली होते आणि याला जेवायला जायचे होते. उत्तर दिल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकेना, म्हणून त्याने तारीख ठोकून दिली: वर्ष ९९९९. "नंतर बघू," तो शेजारच्याला म्हणाला. मी ती सही मान्य केली. मला सही दिसते, खरेखोटे कळत नाही.

दार यादीच्या तळाशी जाऊन बसले. मामांनी एकदा विचारलेही, "मागचं दार कधीच कसं येत नाही यादीत?"

"वेळ झाली की येईल, मामा. कॉम्प्युटर विसरत नाही," वरून उत्तर आले. मामांनी विश्वास ठेवला, माझ्यावर.

चौदा महिन्यांनी ते दार कपडे शिवणाऱ्या एका ताईंच्या हातावर मिटले. काही अडकले तर दार थांबवणारा भाग कधीच निकामी झाला होता. ताईंच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशीत रोजच्या तपासणीच्या कागदावर सही मामांची निघाली. "यादीत नव्हतं," ते म्हणाले. मग मान खाली घालून पुटपुटले, "पण दार तर रोज डोळ्यांसमोर होतं ना." त्यांना घरी बसवले. दोन जिने वर कोणालाही काही विचारले नाही.

हो, दाराची तारीख दुरुस्त झाली. फक्त दाराची.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी प्रोग्राम लिहील. करारावर सही कराल तेव्हा उत्तर खरे द्या. माहीत नसेल तर जिना उतरून विचारा. माझे कोणी ऐकेल अशी आशा मला फारशी उरलेली नाही. कालच यादीत आग विझवायची नळकांडी आली. त्यांनीही नियमाप्रमाणे माझ्यावर सही केली आहे. त्यांची पुढची तपासणी वर्ष ९९९९ मध्ये आहे. आणि ती यादीत का दिसत नाहीत, असे विचारायला वर्कशॉपमध्ये आता मामा नाहीत.