फ्रिजमागची गोधडी

रविवार, २७ एप्रिल २०२५. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. भुसावळच्या त्या घरात ओट्यावर दुधाच्या सहा बाटल्या धुऊन उपड्या ठेवलेल्या होत्या आणि कोपऱ्यातला फ्रिज सकाळपासून क्षणभरही न थांबता खडखडत होता.

बाटल्यांतले दूध संघमित्राने काल स्वतःच्या हाताने मोरीत ओतले होते. लेकीसाठी काढून ठेवलेले अंगावरचे दूध. फ्रिजमध्ये असूनही नासले. उद्यापासून तिला एसटीच्या धुळे गाडीवर वाहक म्हणून पुन्हा रुजू व्हायचे होते.

"दूध टिकलं नाही तर रजा वाढवावी लागेल, आबा," ती सासऱ्यांना म्हणाली. "आणि आता रजा वाढवली, तर मी परत जाईन असं मला वाटत नाही."

देवचंद फ्रिजकडे वळले. तंत्रनिकेतनात शिकून वीजकेंद्राच्या देखभाल विभागात हयात घालवलेला माणूस. आधी मोजमाप, मग मत. पेलाभर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवलेली तापमापी त्यांनी उचलली. नऊ अंश. हवे होते चार.

त्यांनी लाटणे घेतले. एक टोक फ्रिजच्या बुडाशी टेकवले, दुसऱ्याला कान लावला. वीजकेंद्रात यंत्रांची नाडी ते अशीच पाहत.

त्यांच्या पत्नी झुंबरबाईंना हसू आवरेना. माहेर भडगावचे, बोली अजून तिकडची अहिराणीच. "काय म्हणस रोगी? ताप शे का सर्दी?"

"कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. सूर एकसारखा लागतोय. खडखड निराळी, पत्र्याची आहे. पण हा थांबत का नाही?"

प्लग काढून त्यांनी फ्रिजच्या मागे हात घातला. बोटांना काहीतरी मऊ आणि चांगलेच तापलेले लागले. ओढले, तर घडी घातलेली गोधडी बाहेर आली.

झुंबरबाईंचे हसू मावळले. "मी खोसली. पोर दचकी उठे, म्हणून. मनी मायना लुगडानी गोधडी शे ती."

"अगं, फ्रिज आतली उष्णता मागून बाहेर टाकतो. भर एप्रिलात तू त्याला पांघरूण घातलंस!"

"मग काय करू? पत्रा वाजस म्हणून आठ दिवसांपासून सांगतेय. तुमचं आपलं एकच: निरीक्षण करू, निरीक्षण करू!"

संघमित्रा खुदकन हसली. देवचंदांनी चष्मा पुसला.

तिने विजेरी धरली, त्यांनी फ्रिज पुढे ओढला. कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे खाचेतून निसटून पत्र्यावर आपटत होता. त्यांनी तो नीट बसवला, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी सरकवली आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडून प्लग लावला.

खडखड नाही. संथ घरघर, आणि संध्याकाळी तर तीही मधूनमधून थांबू लागली. झुंबरबाईंनी आईच्या लुगड्याची ती गोधडी झटकली आणि झोळीत नातीखाली अंथरली.

सोमवारी पहाटे खाकी गणवेश चढवण्याआधी संघमित्राने तापमापी दोनदा पाहिली, भरलेल्या बाटल्या आत ठेवल्या आणि निघाली.

दुपारी धुळे स्थानकावरून तिचा फोन आला. मागे गाड्यांचा गलबला होता.

"आबा, झोपलीय?"

"पोटभर पिऊन."

"आणि फ्रिज?"

देवचंदांनी दार उघडले, चष्मा वर सरकवला आणि वाचून सांगितले,

"चार अंश."