हवेच्या पाइपातलं तेल

माझं डोकं लवकर तापतं, हे देवगाव फाट्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. माझ्या गॅरेजात गाडी उघडी पडलेली असली आणि तिचं दुखणं सापडत नसलं, की तो चहाचा ग्लास लांबूनच ठेवतो आणि मुकाट्यानं निघून जातो. त्या आठवड्यात त्यानं सहा दिवस असेच ग्लास ठेवले.

गाडी माझ्या बहिणीची होती. राजेश्री झरीत दिलेली. बोरीच्या पुढं एका शाळेवर शिकवते आणि रोज एकटी गाडी घेऊन जाते. गाडी डिझेलची, जुनी, पण मीच पारखून घेऊन दिलेली. तिला गाडी चालवायलाही मीच शिकवलं. दिवाळीच्या पाडव्यानंतर त्या गाडीला एक विचित्र रोग जडला. इंजिनात हवा ओढून घेणाऱ्या पाइपात तेल सापडू लागलं. जिथून नुसती हवा जायची, तिथं तेल!

पहिल्यांदा मी म्हटलं, इंजिनाचा वाफेचा पाइप तुंबला असेल. तो बदलला. महिन्याभरानं गाडी पुन्हा दारात, पाइप पुन्हा तेलानं माखलेला. मग टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, खोलला, त्याची सीलं बदलली. गोपाळ, म्हणजे माझे दाजी, तेव्हाच कुरकुरायला लागले होते. पुढं सोनपेठला एका लग्नात पंगत बसलेली असताना, पंधरा पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "आमच्या मेव्हण्याच्या हाताला गुण न्हाई. गाडी नीट करायलाय का बिघडवायलाय, त्यालाच ठावं." मला मिरच्या झोंबल्या. पण खरं लागलं ते वेगळंच. राजेश्री शेजारीच वाढत होती आणि ती एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्यांदा मात्र प्रकरण जिवावर आलं. गाडी ते तेल डिझेलसारखं ओढून आपोआप भडकली, म्हणजे इंजिन आवरेना. राजेश्रीनं मला फोनवर सांगितलं. "दादा, पाय काढला तरी आवाज चढतच गेला. चावी बंद केली तरी बंद होईना. मागं सगळा धूर. समोरून उसाचा ट्रॅक्टर यायलाय." तिनं ब्रेकवर उभं राहून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडलं. ही युक्ती मीच कधीतरी शिकवून ठेवली होती, म्हणून वाचली. फोन ठेवण्याआधी म्हणाली, "मामांना यातलं काही कळू देऊ नको. गाडी बंद पडली, एवढंच सांगितलंय. त्यांना कळलं तर ते अन्नाला शिवणार न्हाईत." मामा म्हणजे तिचे सासरे, दत्तराव; दाजी त्यांना आबा म्हणतात. मीही त्यांना मामाच म्हणतो.

मागोमाग दाजींचा फोन आला. "तुमच्यामुळं माझी बायको मेली असती," एवढंच बोलले आणि कट केला.

मी उलटा फोन केला नाही, कारण मला तेच वाटत होतं. आपल्या हातून काय राहिलं? कुठला नट, कुठलं सील? सहा दिवस त्या गाडीनं माझा पिच्छा सोडला नाही. जेवताना घास हातात घेऊन मी तिच्याकडे बघत बसायचो. इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासलं, उत्तम. तेलाचं झाकण उघडून चालू इंजिनावर हात धरला, वाफ येत नव्हती. टर्बोचा दांडा हलवून पाहिला, जराही खेळ नाही. तेल मोजायची पट्टी ओढली, तेल दोन खुणांच्या मधोमध, ना कमी ना जास्त. सगळे पाइप धुतले, पुसले, नवा फिल्टर बसवला, आणि गाडी परभणीपर्यंत नेऊन आणली. पाइप कोरडा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली. कोरडा. दुखणं सापडलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो. नीट चालणाऱ्या गाडीची मला भीती वाटायला लागली होती.

रविवारी दिवस मावळता मावळता मी स्वतः गाडी झरीला पोचवली. दाजी तोंडदेखलं "या" म्हणाले. राजेश्रीनं पिठलं-भाकरी वाढली, ती माझ्याकडे न बघता. मामा तेवढे मोकळेपणानं बोलले. पंच्याहत्तरीचे असतील. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, पण मोतीबिंदूनंतर दिसायला कमी आलं, म्हणून पाडव्याला दाजींनी चावी त्यांच्याकडून काढून घेतली आणि ड्रायव्हर ठेवला. "पंडितराव, गाडी झाली ना नीट?" त्यांनी विचारलं. "सूनबाईला लय धुळीतून जावं लागतं. झरीपासून पुढं रस्त्याचं काम चालू हाय." मी म्हटलं, झाली. आणि अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, झाली का?

सकाळी सातला मी अंगणात आलो. जिवाला चैन नव्हती. राजेश्री आठला निघणार, त्याच्या आत मला एकदा डोळ्यानं बघायचंच होतं. अमावस्या होती. शेताची कामं बंद, ट्रॅक्टर अंगणात उभा. ट्रॅक्टर आणि कार दोन्ही धुतलेले, दोन्हींना कुंकू लावलेलं, पुढं लिंबू, मिरच्या आणि बिबा ओवून बांधलेला. मी बॉनेट उघडलं, हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या, झाकण उचललं.

डब्यात तेल होतं.

रात्रभर गाडी जागची हलली नव्हती! तेवढ्यात दाजी दात घासत मागं येऊन उभे राहिले, डब्यात डोकावले, आणि तोंडातला फेस थुंकून ओरडले, "बघा! रातीच आणली ना तुमी? ये राजेश्री, ये बघायला! तुझ्या भावानं काय दिवे लावले ते बघ!"

राजेश्री पदराला हात पुसत दारात आली. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण त्या तिडिकीतही बोट तेलात गेलं. आणि बोट वर काढलं तेव्हा मी बघतच राहिलो. तेल मधासारखं पिवळं होतं. स्वच्छ, आरपार दिसणारं. मी इंजिनाची पट्टी ओढली. तिच्यावरचं तेल काजळासारखं काळं. डिझेल इंजिनात तेल घातलं की थोड्याच दिवसांत काळं पडतं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. आजवर गाडी माझ्याकडे यायची ती तीन-तीन आठवडे चालून, तेव्हा हे तेल धुळीनं काळं होऊन फिल्टरमधून पुढं पाइपात उतरलेलं असायचं, आणि मी गाढवासारखा इंजिन उकरत बसायचो.

"दाजी," मी पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली, "हे तेल इंजिनातलं न्हाईच! कोणीतरी वरून ओतलंय!"

"कोण ओतील? येडे झाले का?"

"मीच की," मागून आवाज आला.

मामा ट्रॅक्टरच्या बाजूनं येत होते. एका हातात तेलाचा कॅन, दुसऱ्या हातात फडकं. चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. "दर अमावस्येला घालतो. ट्रॅक्टरची वाटी भरली की हिच्यात पावशेर. का? कमी पडलं का?"

मला सगळं एका क्षणात कळलं. जुन्या ट्रॅक्टरच्या हवेच्या फिल्टरखाली तेलाची वाटी असते. आत जाणारी हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलातच बसते. ती वाटी वेळच्या वेळी धुवून भरली नाही तर इंजिन धुळीनं खलास होतं. चाळीस वर्षं मामांनी ती अमावस्या चुकवली नव्हती. कारचा फिल्टर कागदाचा, कोरडा. मामांनी डबा उघडला असेल, तेलाचा थेंब दिसला नसेल, आणि त्यांना वाटलं असेल, शहरातल्या लोकांनी वाटी कोरडीच ठेवली. सूनबाई रोज धुळीतून जाते.

हे सगळं मला कळलं होतं. तरी मी काय केलं? तीन महिने साठलेलं तोंडाशी आलं. पंगतीतले ते पंधरा चेहरे, दाजींचा तो फोन, राजेश्रीचं ते न बोलणं.

"मामा, तिला मारायला निघाला होता का तुमी?" मी ओरडलो. "गाडी तेल प्यायली तुमचं! बोरीच्या पुढं भडकली, बंद होईना, समोर उसाचा ट्रॅक्टर! वाचली ती नशिबानं! अन् इथं माझ्या नावानं शिमगा चाललाय!"

"दादा!" राजेश्री किंचाळली. पण बोलून झालं होतं.

मामांनी कॅन खाली ठेवला. नीट, सांडू न देता. मग सुनेकडे वळले. "सूनबाई, खरं हाय?"

ती मान खाली घालून रडायला लागली. मामांना उत्तर मिळालं. ते हौदाकडे गेले, साबण घेतला आणि हात धुवायला लागले. धुतले, पुन्हा धुतले. तेल कधीच निघालं असेल, तरी ते बोटांच्या बेचक्या घासत राहिले.

दाजी माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, मेव्हणं. लग्नात तसं बोलायला नको होतं. चार माणसात माफी मागतो." या एका वाक्यासाठी मी त्या पंगतीपासून तळमळलो होतो. ते ऐकलं आणि मला माझी लाज वाटली. इतकी की दाजींचा हात खांद्यावर नकोसा झाला. हळूच सांगता आलं असतं. मामांना बाजूला घेऊन, चहा पिता पिता, हसत. डबा पुसून टाकायला मला दहा मिनिटं लागली असती.

मामा ओल्या हातांनीच परत आले. माझ्यासमोर उभे राहिले. डोळ्यांना नीट दिसत नसल्यानं त्यांनी मान जरा पुढं केली.

"पंडितराव, तुमी यंत्राचे जाणकार हाव," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "ट्रॅक्टर सुटला माझ्याकडून. गाडीचंही आता कळलं. या घरात म्या कशाला हात लावू अन् कशाला न्हाई, तेवढं सांगून जावा."

मला म्हणायचं होतं की मामा, ट्रॅक्टरची वाटी मी न उघडताही सांगतो, तुम्ही ती अगदी खुणेला भरली असणार, त्या ड्रायव्हरला जन्मात जमणार नाही. मी तोंड उघडलंही. पण दाजी माझ्याआधी बोलले.

"आता कशालाच लावू नका, आबा. बसून खावा."

राजेश्रीनं डोळे पुसून वर पाहिलं. नवऱ्याकडे नाही. माझ्याकडे.