नर्सबाईंच्या सुनेचं उत्तर

झरफशान खोऱ्यातल्या त्या घरात दुपारचं दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरलं. सासरा बसला, सासू रुझीगुल बसली आणि सून सावरिनिसो, जिचा नवरा मॉस्कोला मजुरीला होता, चहा ओतायला उभी राहिली. शोरब्यातलं मांस मानाप्रमाणे वाटलं गेलं. सुनेचा मान शेवटचा, म्हणजे तळाचं पाणी, दोन गाजरं आणि सकाळची वाळलेली रोटी. तिला सातवा महिना होता. पहिलं पोर गेल्या वर्षी सातव्यातच झालं आणि दोन दिवसांत गेलं. "नजर लागली," असं सासूने सांगून टाकलं आणि गावाने माना डोलावल्या.

आणि ही सासू कोण म्हणाल? गावच्या दवाखान्यातली नर्स! दारोदार फिरून दुसऱ्यांच्या सुनांना लोहाच्या गोळ्या वाटणारी, भाषणं ठोकणारी. घरच्या सुनेचा पांढराफटक पडलेला चेहरा मात्र बाईंना दिसत नव्हता.

त्या आठवड्यात राजधानीत गरोदर बायकांच्या आहाराचं नवं धोरण ठरत होतं. देशभरच्या नर्सनी आपापला अनुभव ऑनलाइन चर्चेत लिहायचा, इतरांचा वाचायचा आणि त्यातून धोरण बनायचं. प्रश्न एकच होता: लोह मिसळलेलं पीठ आणि गोळ्या घरोघर पोचतात, तरी बायकांच्या अंगात रक्त का नाही? रुझीगुलला टाइप करता येत नसे. म्हणून ती सांगायची आणि सून लिहायची.

चार दिवस सावरिनिसो दुसऱ्यांची उत्तरं वाचत होती. कुलोब शहरातल्या एका नर्सने लिहिलं होतं, 'बाईला माती खावीशी वाटली तर हसू नका. तिच्या रक्तात लोह नाही. आधी तिचं ताट बघा.' सावरिनिसोने ते दोनदा वाचलं. दोन महिने ती तंदूरमागची भिंत नखांनी कोरून खात होती.

जेवण उरकल्यावर रुझीगुल लोडाला टेकली. "घे, लिही. आमच्या गावच्या बायका अडाणी. घरात सगळं असतं, पण खायचा आळस. नुसता चहा ढोसतात. नर्सच्या स्वतःच्या घरी मात्र सून सगळ्यांबरोबर बसते, मांस खाते..."

सुनेची बोटं थांबली.

"काय गं, हात मोडले का?"

"हे मी लिहिणार नाही, ओया." सासूला ती ओया, म्हणजे आई, म्हणायची. " मी कधी बसले तुमच्याबरोबर?"

"अगं बया! तोंड फुटलं का तुला? माझ्या सासूने मला उष्टी हाडं चोखायला दिली. मी मेले का? चार पोरं काढली मी!"

"काढलीत चार. गेली किती?"

सासऱ्याने पेला खाली ठेवला. रुझीगुलची चारांतली दोन पोरं तान्हेपणीच गेली होती आणि त्यांचं नाव या घरात कुणी काढत नसे. रुझीगुलचा चेहरा लालबुंद झाला. सावरिनिसो लिहीत सुटली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली.

"आमच्या घरात अन्न आहे, माझ्या ताटात नाही. तुम्ही घर मोजता आणि घर पोटभर जेवतं असं लिहून नेता. घर मोजू नका. शेवटी जेवणारीचं ताट मोजा. मी नर्सची सून. सातवा महिना. माती खाते."

"पूस ते!" रुझीगुल किंचाळली. "माझी नोकरी घालवतेस, सटवे? आत्ता मॉस्कोला फोन लावते. माझा लेक फोनवरच तलाक देईल तुला!"

"लावा."

"पोरी, घराची अब्रू आहे," सासरा पुटपुटला.

सावरिनिसो त्याच्याकडे वळली. "बाबा, अब्रू मला जेवायला घालते का? ओया, पहिलं पोर गेलं तेव्हा तुम्ही नजर म्हणालात. हे गेलं तर काय म्हणाल, ते आत्ताच सांगा. तेही लिहिते."

सावरिनिसोने उत्तर पाठवून दिलं. खाली स्वतःचं नाव घालून.

राजधानीतले साहेब ते वाचतील, धोरण करायचं तेव्हा करतील. तुम्ही जर हे जेवून, हात धुऊन वाचत असाल, तर आधी उठा आणि आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बघा, पातेल्यात काय उरलंय आणि ते खायला कोण थांबलंय.