बॅगेतलं वजन

नवऱ्याचा दम्याचा पंप तिनेच बॅगेतून काढून ठेवला होता. सायकल दुरुस्तीचं दुकान दोघांचं, आणि वजन कमी करायचं खूळही दोघांचंच. इलेक्ट्रिक माउंटन सायकल मुळातच धोंड्यासारखी जड; तरी तो डोंगरात निघाला की ही बया त्याची बॅग उलटी करून एकेक वस्तू काट्यावर ठेवायची. "गेल्या कित्येक दिवसांत हात तरी लावलायस का ह्याला?" असं म्हणत तिने सकाळी पंप हत्यारांच्या डब्यात टाकला. तो चेनला तेल घालत शीळ वाजवत होता. त्याने ऐकलंच नाही.

दुपारी त्याचा फोन आला. "वरच्या झऱ्यापाशी... पंप कुठंय गं?" पुढे नुसती घरघर. तिने बचाव पथकाला फोन लावला. पथकवाले म्हणाले, चिखलात गाडी चढत नाही, चालत निघतो. चालत!

गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली इलेक्ट्रिक सायकल तिने ओढली, पंप उराशी खोचला आणि मोटर पूर्ण जोरावर टाकून सुटली. पायवाट कसली, नुसता राडा. मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं, पुढचं भलतीकडेच पळायचं. पहिल्याच चढावर ती तोंडावर आपटली. पुढच्या चढावर चिखल चाकाभोवती असा ठासून बसला की चाक फिरेना. तिने बोटांनी उकरला, काटकीने उकरला. जरा पुढे गेली की पुन्हा तेच. "फिर रे बाबा, पाया पडते तुझ्या," ती चाकाला म्हणाली, आणि मग त्याला शिव्या घातल्या. तेवढ्यात बॅटरीचा दिवा लाल झाला.

तिने ते धूड झुडपात लोटलं, पंप हातात घेतला आणि धावत सुटली. मुठीतला पंप अगदी हलका होता, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

तो ओंडक्याला टेकून बसला होता. ओठ निळे पडलेले. तिने पंप त्याच्या तोंडात धरून दाबला. "ओढ! अरे, ओढ ना!" श्वास आत जाईना. पुन्हा दाबला. त्याच्याऐवजी मला ने, असं ती रडत म्हणत होती. कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा त्याच्या छातीत बारीकशी शिट्टी वाजली. मग थोडा श्वास. मग आणखी थोडा.

पथकवाले येईपर्यंत तो नुसता श्वास ओढत राहिला. स्ट्रेचरवर घेताना त्याने तिची चिखलाने माखलेली मूठ उघडली, पंप काढून स्वतःच्या खिशात ठेवला.

"एवढं," तो म्हणाला, "मला जड नाही गं."