बोहणी नको

धम्मशीलानं दोऱ्याच्या रिळांचा ट्रे काउंटरवरून उचलला आणि खाली गुडघ्यापाशी ठेवला. सूर्यभानकाका यायच्या आत तो नजरेआड झाला, तर बोलायला सोपं जाईल असं तिला वाटलं. मग स्वतःच्याच वेडेपणाचा राग येऊन तिनं तो पुन्हा वर ठेवला. दहा वाजून गेले होते. खाली झाडूचा आवाज येत होता. मॉलचे मालक असून काका स्वतःच झाडत होते, कारण झाडायला माणूस ठेवावा इतकी धूळही आता तिथं कुणाच्या पायानं येत नव्हती.

सेलूत पाथरी रस्त्याला केशर मॉल उघडला त्याला बारा वर्षं झाली. काकांनी त्याला बायकोचं नाव दिलं होतं, तिला न विचारता. तेव्हा बोरीहून, अगदी ताडकळसहून लोक जीप करून आले, ते सरकता जिना बघायला. बायका चपला हातात घेऊन त्यावर उभ्या राहत आणि वर पोचल्यावर हात जोडत. कुणाला, ते त्यांनाही ठाऊक नसे. नवीन जोडप्यांना घरचे देवदर्शन आटोपून इथं आणत. काकांना वाटलं, नशीब उघडलं. पण माणसं थंड हवा खाऊन, जिन्याच्या दोन फेऱ्या मारून उतरत आणि खरेदीला बाजारगल्लीतल्या आपल्या ठरलेल्या दुकानात जात. तिथं बसायला गादी होती, चहा येत होता आणि भाव करता येत होता. मॉलमध्ये नुसती किमतीची चिठ्ठी. चिठ्ठीशी कोण हुज्जत घालणार?

आधी आइस्क्रीमवाला गेला, मग चपलांचं दुकान, मग दोन्ही मोबाइलवाले एकाच आठवड्यात. सरकता जिना एकदा बंद पडला तो पडलाच; लोक म्हणू लागले, सूर्यभानच्या मॉलला लकवा मारला. बावीस गाळ्यांपैकी आता एकच उघडा होता, वरच्या मजल्यावरचं धम्मशीलाचं रोहिणी मॅचिंग सेंटर. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, दोरे.

गेली तीन वर्षं या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सूर्यभानकाका. बोहणी झाल्याशिवाय दुकान दुकान वाटत नाही, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं, की वर कुणी चढेना तेव्हा ते स्वतःच रोज सकाळी एक रीळ घ्यायला लागले. त्यांच्या घरात शिलाई मशीन नव्हतं. हे धम्मशीलाला माहीत होतं आणि म्हणूनच तिचा जीव कासावीस व्हायचा. मॉल चालू आहे असं दाखवायला जो माणूस रोज दोरा विकत घेतो, त्याला ‘मी जाते’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? गावात कुणी गाळा देत नव्हतं, तेव्हा यानंच दिला होता.

पण आज सांगणं भाग होतं. बाजारगल्लीत नर्मदाबाईंचा गाळा रिकामा झाला होता. दुपारपर्यंत हो म्हणा, नाहीतर दुसऱ्याला देते, असा त्यांचा निरोप होता. धम्मशीलाचं गिऱ्हाईक तुटलेलं नव्हतं. बायका फोन करून म्हणायच्या, ताई, तेवढ्या लांब कोण येईल, तुमी गल्लीत या की. नवऱ्यानं, सिद्धोधननं, तर गल्लीत चल म्हणून सांगून थकल्यावर या विषयावर बोलणंच सोडलं होतं.

काका बंद पडलेल्या जिन्याचा रबरी कठडा धरत, एकेका पायरीवर थांबत वर आले.

“हं, आज कोणता रंग देतीस?”

“काका,” ती म्हणाली, “आज बोहणी नका करू.”

खिशाकडे गेलेला काकांचा हात तिथंच राहिला. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला नको म्हणणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं; सेलूच्या बाजारात भांडणातसुद्धा कुणी असं करत नाही. आपण काय बोलून बसलो ते धम्मशीलाला बोलल्यावर कळलं. तिला नुसती बोलण्याला सुरुवात करायची होती.

काका स्टुलावर बसले. चेहरा पार उतरला होता.

“तुला कळालं म्हण की.”

“काय कळालं?”

“बन्सीधर सरांचं. पण मी हो म्हणलो न्हाई. तुझी शपथ. तीनदा आले, तिन्ही खेपेला माघारी धाडलं.”

“कोण बन्सीधर सर?”

“ते क्लासवाले. त्यायला अभ्यासिका काढायची. खेड्यापाड्यातली पोरं परीक्षेचा अभ्यास करायलीत, बसायला जागा न्हाई म्हणले. आख्खी इमारत पायजे. मी म्हणलं, वर एक बाई दुकान करायली. तिला उठवून मला पुण्य नको.”

धम्मशीलानं ट्रे बाजूला सारला.

“आन तुमच्या मनात काय हाय? द्यायचं का?”

काकांनी बंद शटरांच्या ओळीकडे पाहिलं.

“लय दिसाचं द्यायचंय,” ते म्हणाले. “गुडघे गेले माझे ह्या जिन्यानं. पण तू येतीस. तू येतीस म्हणून मला शटर उघडावं लागतंय.”

“काका, मी यायली ती तुमी उघडताव म्हणून.”

आधी काकांचे खांदे हलले, मग आवाज फुटला. मोकळ्या मॉलभर ते हसू घुमलं. धम्मशीला हसली आणि तिला रडूही आलं. तीन वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“केशर म्हणती, दोरा लय झाला, आता पतंग तरी उडवा,” काका डोळे पुसत म्हणाले. “आता तुझं काय?”

तिनं नर्मदाबाईंच्या गाळ्याचं सांगितलं. काकांचं हसू थांबलं.

“बाजारगल्लीत? आडनाव विचारलं का तिनं?”

बारा वर्षांपूर्वी त्याच गल्लीत धम्मशीला चार गाळे बघून आली होती. चारही ठिकाणी आडनाव विचारलं गेलं आणि ते ऐकताच मालकाला आठवलं, की गाळा कालच दुसऱ्याला कबूल केलाय. बौद्ध म्हणून नको, असं तोंडानं कुणी म्हणालं नव्हतं. काकांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, की काय विकणार.

“न्हाई विचारलं,” ती म्हणाली.

“मग तूच सांगून टाक आधी. मागून कळालं की बदलतील.”

“त्यायला समदं माहीत हाय, काका. दोन्ही सुनांच्या लग्नाचं अस्तर माझ्याकडूनच नेलतं. गाळा बघायला गेले तर म्हणल्या, बोर्डावर केशर मॉलवाले असं मोठं लिहा. त्या नावानं बायका शोधत येतेत.”

ज्या नावाची गावानं बारा वर्षं थट्टा केली, ते आता बाजारगल्लीत बोर्डावर चढणार होतं. काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि फोन काढला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असे.

“केशर, दुपारी डबा धाडू नको. घरी येतो जेवायला.”

“का? बरं हाय ना तुमाला?”

“लय बरं हाय. मॉल देऊन टाकायलो सरांना. धम्मशीलाला गल्लीत गाळा भेटला.”

तिकडं भाकरी थापायचा आवाज थांबला. बारा वर्षांत धम्मशीला त्या घरी कधी जेवली नव्हती. दुकान टाकून कसं येणार, असं तीही म्हणायची आणि केशरबाईही म्हणायच्या; दोघींनी ते तेवढ्यावरच ठेवलं होतं.

“मग तिला बी घेऊन या,” केशरबाई म्हणाल्या. “आज कुठं दुकान हाय तिला. भाकरी टाकायले मी.”