राक्षसाची ड्यूटी

वहिनी दिवसभर कवळ्या बनवायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून माप आलं, की त्या मेणात एकेक दात बसवायच्या, घासूनपुसून चकचकीत करायच्या आणि तयार झालेलं हसू डबीत घालून परत पाठवायच्या. या कामात हात गुंतले तरी डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात वहिनींनी एक अख्खं राज्य उभं केलं होतं. त्यात डोंगर होते, कोणाचंच न ऐकणारा राजा होता, एक खोल दरी होती. दरीवर पूल होता आणि पुलावर एक राक्षस आडवा झोपला होता.

हे राज्य खेळायचं होतं. टेबलाभोवती बसायचं, वहिनींनी गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. आपलं पात्र काय बोलेल, काय करेल, ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं, हे सांगायला वीस बाजूंचा एक फासा होता.

खेळणारे तिघं. पहिले भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. त्यांची बेकरी होती आणि खेळात ते मांत्रिक होते. दुसरी वहिनींची शाळेपासूनची मैत्रीण. ती नर्स होती, म्हणून घरीदारी सगळेच तिला सिस्टर म्हणायचे. दिवसभर हळू आवाजात बोलून बोलून तिला वीट यायचा, म्हणून खेळात ती कुऱ्हाड घेऊन फिरणारा एक तापट बुटका होती. तिसरा तिचा मावसभाऊ. तिचा दादा म्हणून तो सगळ्यांचाच दादा झाला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि खेळात चोर होता. कुलपं उघडण्याचं काम तो इतक्या प्रेमाने करायचा, की वहिनींना गोष्टीत जागोजागी उगाचच दारं घालावी लागत.

तर हे तिघं पुलापाशी पोचले, समोर राक्षस आडवा दिसला, आणि तिथेच सगळं अडलं. राक्षसामुळे नव्हे. पुढच्या वेळी कधी जमायचं, तेच ठरेना.

भाऊजींची भट्टी पहाटे पेटायची, त्यामुळे लोक संध्याकाळचा चहा घेत तेव्हा ते अंथरुणात शिरत. सिस्टरची पाळी दर आठवड्याला बदलायची, आणि पुढच्या आठवड्याचा तक्ता तिची मेट्रन अगदी शेवटच्या क्षणी लावायची. दादाचं तर विचारूच नका. लिफ्ट काही आदल्या दिवशी कळवून बंद पडत नाही. वहिनी मोबाइलवरच्या ग्रुपवर विचारायच्या, शनिवारी चालेल का? सिस्टर म्हणायची, रविवारी बघू. दादा म्हणायचा, बहुतेक. आणि भाऊजी पहाटे भट्टीपुढे उभे राहून सगळे निरोप एकदम वाचायचे आणि होऊन गेलेल्या शनिवारला ‘चालेल’ म्हणून कळवायचे.

तरी प्रयत्न झाले. एकदा संध्याकाळी जमले, तर भाऊजी नकाशावर डोकं टेकून झोपून गेले. शाई ओली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाळावर एक नदी आणि दोन किल्ले घेऊन ब्रेड विकला, आणि एका गिऱ्हाईकाने त्यांना त्वचेच्या डॉक्टरचा पत्ता दिला. एकदा सकाळी जमले, तर सिस्टर रात्रपाळी करून थेट आलेली. राक्षस समोर आहे, बुटका काय करतो, असं विचारल्यावर ती डोळे मिटूनच म्हणाली, “बीपी घेते.” मग एकदा फोनवरून खेळून बघितलं. त्या दिवशी दादा एका लिफ्टच्या टपावर बसून बोलत होता. लिफ्ट खाली गेली की त्याचा आवाज जायचा, वर आली की यायचा, आणि मधल्यामधे चोराने नक्की काय चोरलं यावरून भांडण झालं.

वहिनींचे यजमान यात कधी पडले नाहीत. पण फोनवरची ही घासाघीस ऐकून ते एकदा म्हणाले, की दोन देशांचा तहसुद्धा एवढ्या वेळात होतो.

शेवटी एक मंगळवारची दुपार हाती लागली. तिच्यासाठी सगळ्यांनी जिवाचा आटापिटा केला. भाऊजींनी सकाळीच झोप काढून घेतली. वहिनींनी एक अख्खी कवळी आदल्या दिवशीच पुरी करून पोचवली. सिस्टरने मेट्रनकडे दुपारची सुट्टी मागितली. मेट्रन म्हणजे कडक बाई. तिने चष्म्यावरून बघत कारण विचारलं. पुलावरचा राक्षस हे कारण सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून सिस्टरने घरगुती काम आहे असं सांगून टाकलं आणि दिवसभर तिचं मन तिला खात राहिलं.

दुपारी सगळे वहिनींच्या टेबलाभोवती बसले. नकाशा पसरला, फासा निघाला. वहिनींनी घसा साफ केला आणि दरीतून वर येणाऱ्या धुक्याचं वर्णन सुरू केलं. धुकं पुरतं वरही आलं नव्हतं, तोच दादाचा फोन वाजला.

तो ऐकत होता आणि बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. फोन ठेवून तो हळूच म्हणाला, की हॉस्पिटलच्या स्टाफ क्वार्टर्समधली लिफ्ट अडकली आहे, आत एक बाई आहे, मला जावं लागेल. सिस्टरने आपल्या बुटक्याची माहिती लिहिलेला कागद उलटा करून ठेवला. भाऊजींनी एक मोठी जांभई दिली, म्हणजे त्यांना रडू येत होतं.

वहिनींनी नकाशाची घडी घातली, ती पिशवीत टाकली आणि पायात चपला सरकवल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “सगळेच जाऊ. वाटेत खेळू.”

दादाच्या गाडीत मागे बसायला जागा अशी नव्हतीच. वहिनी तारेच्या भेंडोळ्यावर बसल्या, भाऊजी पान्यांच्या पेटीवर. फासा टाकायला स्क्रूंचा ट्रे घेतला. गाडीने पहिलं वळण घेतलं तसा फासा स्क्रूंमध्ये गडप झाला, आणि मांत्रिकाने राक्षसावर टाकलेला मंत्र लागू पडला की नाही हे कळायच्या आत क्वार्टर्स आल्या.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकली होती. दादा पेटी घेऊन जिन्याने वर मशीनच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने त्याने वरून फोन केला. ब्रेक जाम झाला आहे, खोलावा लागेल, वेळ जाईल. लिफ्ट पडायची नाही, पण आतल्या बाईंना बोलतं ठेवा, असंही त्याने सांगितलं.

ते काम सिस्टरचं होतं. जिन्याच्या वळणावर उभं राहून तिने लिफ्टच्या दाराशी तोंड नेलं आणि आपल्या वॉर्डातल्या आवाजात सांगितलं, की घाबरू नका, माणूस वर पोचला आहे, श्वास सावकाश घ्या. आतून भराभर चाललेल्या श्वासांचा आवाज आला. मग तो थांबला.

“सिस्टर,” आतून आवाज आला. “तुमचं घरगुती काम झालं का?”

सिस्टर दारापुढे ताठ उभी राहिली. वहिनींना पुढे कितीतरी दिवस तिचा तो चेहरा आठवत राहिला. वॉर्डात कोणी मेलं तरी न ढळणारी ही बाई दोन पायऱ्या मागे सरकली होती.

“चालू आहे, मॅडम,” ती म्हणाली.

मेट्रन हॉस्पिटलमध्ये कधी लिफ्ट वापरत नसे. व्यायामाची शिस्त म्हणून ती जिने चढते, असं सगळे मानत. पण गुडघा धरला होता, म्हणून आज ती नाइलाजाने लिफ्टमध्ये चढली होती. आता तिचे श्वास पुन्हा भराभर येऊ लागले, आणि तिला बंद जागेची धास्ती आहे हे सिस्टरच्या लक्षात आलं. तिने हवापाण्याच्या गप्पा करून बघितल्या. बंद पेटीत अडकलेल्या माणसाशी हवेबद्दल बोलू नये, हे तिला जरा उशिरा सुचलं. भाऊजींनी पीठ कसं फुगतं ते सांगायला घेतलं. आतला श्वास आणखीच वाढला.

मग वहिनी पायरीवर बसल्या आणि त्यांनी दाराच्या फटीतून गोष्ट सांगायला सुरुवात केली. दरी सांगितली, धुकं सांगितलं, पूल सांगितला. पूल दोन्ही बाजूंनी उघडा आहे आणि त्यावर भरपूर वारा आहे, हे मुद्दाम सांगितलं. पुलावर राक्षस आडवा झोपला आहे, तीन प्रवाशांना पलीकडे जायचं आहे, आणि तो काही उठत नाही.

“का उठत नाही?” मेट्रनने विचारलं.

राक्षस झोपलेला वहिनींनी बनवला होता, पण तो का झोपलाय ते ठरवायला वेळ मिळाला नव्हता. त्या म्हणाल्या, “ते राक्षसच सांगेल. तुम्ही व्हा राक्षस.”

सिस्टरने हातांनी खुणा करून नको नको म्हटलं. पण लगेच आतून जो आवाज आला, तो ऐकून भाऊजींची उरलीसुरली झोप उडाली.

“कोण आहे रे तिकडे?” राक्षस म्हणाला. “तिघं एकदम कसे आलात? तुमच्या तळावर कोण आहे?”

जिन्यावरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तळ कोणीच राखला नव्हता. भाऊजींनी मांत्रिकाच्या वतीने तसं कबूल केलं. राक्षसाने त्यांना चांगलंच झापलं. मग फोनवरून, वरच्या खोलीतून, चोराने राक्षसाच्या अंगावरून चढून जायचा प्रयत्न केला. वहिनींनी स्क्रूंमधून शोधून आणलेला फासा पायरीवर टाकला. तो टणटण करत खालच्या मजल्यावर गेला. एका दारातून बाहेर आलेले गृहस्थ तो उचलून वर घेऊन आले आणि म्हणाले, चार पडलेत. चोराचा प्रयत्न फसला होता. ते गृहस्थ मग गेलेच नाहीत, कठड्याला टेकून उभे राहिले.

आता बुटक्याची पाळी होती. सिस्टरने एक मोठा श्वास घेतला. वॉर्डात मेट्रनपुढे ती मान खाली घालून बोलायची, पण बुटक्याची मान आधीच एवढी खाली होती की आणखी खाली घालायला जागा नव्हती.

“ए राक्षसा,” ती म्हणाली. “ऊठ. पूल काही तुझ्या बापाचा नाही.”

“नाहीच आहे,” राक्षस म्हणाला. “मी ड्यूटीवर आहे. रिलीव्हर आला नाही.”

बुटक्याची कुऱ्हाड तिथेच खाली आली. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की काय होतं, हे सिस्टरला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिने राक्षसाला विचारलं, की केव्हापासून उभे आहात? राक्षस म्हणाला, की आधी उभाच होतो, मग पाय गेले म्हणून आडवा झालो. पूल सोडता येत नाही. वर कळवलं तर म्हणतात, माणसं नाहीत. तक्त्यात रोज कोणाचं तरी नाव कमी पडतं, ते आपलंच घालावं लागतं. आणि लोकांना वाटतं, राक्षसाला दुसऱ्याची वाट अडवायला आवडतं.

हे शेवटचं वाक्य राक्षसाच्या आवाजात सुरू झालं होतं. संपताना तो आवाज राक्षसाचा राहिला नव्हता.

सिस्टर दाराला कपाळ टेकून उभी राहिली. मग तिने बुटक्याचा आवाज सोडून स्वतःच्या आवाजात विचारलं, की मॅडम, तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली? कठड्याला टेकलेले गृहस्थ खाली बघू लागले.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, “मी थांबतो.”

सगळे त्यांच्याकडे वळले. भाऊजींनी खुलासा केला. राक्षसाच्या जागी मांत्रिक पुलावर आडवा झोपेल. त्याला झोपायची सवय आहे, काही त्रास होणार नाही. राक्षसाने बाकीच्यांबरोबर जरा पाय मोकळे करून यावं.

“तुम्हाला जमेल का?” राक्षसाने संशयाने विचारलं. “कोणाला जाऊ द्यायचं नाही.”

“मी झोपलो की मला ओलांडून कोणीच जात नाही,” भाऊजी म्हणाले. “घरी विचारा.”

वहिनी फासा टाकायला गेल्या, तर राक्षसाने नको म्हटलं. फाशावर ड्यूटी लावत नाहीत, तो म्हणाला, आणि पुलावरून उठला. त्याच वेळी वर कुठेतरी खडाड आवाज झाला आणि लिफ्ट हलत हलत खाली येऊ लागली. हा नुसता योगायोग होता. दादाचा ब्रेक सुटला होता. पण कठड्यावरचे ते गृहस्थ अजूनही शेजाऱ्यांना वेगळंच सांगतात.

दार उघडलं तेव्हा मेट्रनचे केस विसकटले होते आणि चष्मा हातात होता. तिने सिस्टरकडे बघितलं, वहिनींनी पायरीवर पसरलेल्या नकाशाकडे बघितलं, आणि फक्त एवढंच विचारलं, की पुलाच्या पलीकडे काय आहे? वहिनींनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, की पुढच्या वेळी या, म्हणजे कळेल. मग पुढची वेळ कधी, हे तोंडातून निघायच्या आधीच त्या थांबल्या, कारण ते विचारायचं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

मेट्रनने चष्मा लावला. दुसऱ्या दिवशी चौघांच्याही फोनवर एक तक्ता आला. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे हजेरीची वेळ होती, वहिनींना चहाची सुट्टी होती, आणि ‘पूर्वसूचनेशिवाय गैरहजर राहू नये’ असं खाली ठळक लिहिलं होतं. दादाने कळवलं, की लिफ्टचा काही भरवसा नाही. त्यावर उत्तर आलं, की लिफ्ट अडकली तर सगळे तिथे जातील. अमुक वेळ मला जमत नाही, असं म्हणायची नंतर कोणाचीच छाती झाली नाही.

तेव्हापासून खेळ सुरळीत चालला आहे. तळावर रोज कोणीतरी पहारा देतं, पात्रं वेळेवर जेवतात, आणि राजाच्या दरबारात राक्षसाने पहिल्याच भेटीत सेनापतीला बूट पुसायला लावले. भाऊजी वेळेवर येतात, वहिनींच्या कोचावर आडवे होतात आणि मांत्रिकाची भूमिका मन लावून करतात. त्यांचं घोरणं खेळाच्या टेबलापर्यंत ऐकू येतं. दादाने त्यांच्या मानेखाली दोन उशा सारून ते कमी करून बघितलं, पण मेट्रन म्हणाली की राहू द्या, ड्यूटीवर आहे.

हॉस्पिटलच्या तक्त्यात मात्र एक बदल झाला. मंगळवारी दुपारी मेट्रनच्या नावापुढे ‘सुट्टी’ असं लिहिलेलं असतं. तिच्या साहेबांनी एकदा कारण विचारलं होतं. घरगुती काम आहे, असं तिने चष्म्यावरून बघत सांगितलं, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.