चाळीस दिवसांच्या आत मेंदी

स्वेतिस्लाव काका सप्टेंबरात वारले. तसं काही झालेलं नाही. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. गोष्ट त्यांच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या राडोयका मावशीच्या केसांची आहे.

मावशी एकोणसाठ वर्षांची. तीस वर्षं ती दर चार आठवड्यांनी केस वांगी रंगाचे करून घ्यायची. आमच्या गावात सगळ्याच बायका त्या वयात तसं करतात. रविवारी चर्च सुटलं की पायऱ्यांवर वांग्यांची गाडी उलटल्यासारखं दिसतं. ऑगस्टमध्ये मावशी रंग लावून आली आणि दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजून मिटले, ते तीन दिवस उघडेनात. डॉक्टरबाईंनी रंगातल्या एका रसायनाचं लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं. हे पुन्हा लागलं तर श्वास अडकेल, म्हणाल्या, तेव्हा रंगवलेले केस हवेत की जीव ते ठरवा. मावशी म्हणाली, दोन्ही. डॉक्टरबाई वैतागल्या, पण नवा कुठलाही रंग आधी थेंबभर कानामागे लावून दोन दिवस थांबायचं, एवढं शहाणपण त्यांनी शिकवलं.

मावशीनं औषधांच्या दुकानातून रंगाचा डबा आणला. त्यावर ‘नैसर्गिक’, अक्रोड, कॅमोमाइलची फुलं आणि एक हसरी बाई. दुसऱ्या दिवशी मावशीचा कान भट्टीतल्या पावासारखा फुगला. मी भिंग घेऊन डब्यामागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. डॉक्टरबाईंचं लांबलचक नाव यादीत चौथं होतं. अक्रोड सव्विसावा, सुगंधाच्याही खाली.

मावशी तो कान घेऊन तडक दुकानात गेली.

“तिहोमीर, यात अक्रोड कुठाय?”

“चित्रात आहे की, राडोयकाबाई.”

“आणि नैसर्गिक?”

“ते नाव आहे हो. माझ्या मेव्हण्याचं नाव बोगोल्युब, म्हणजे देवावर प्रेम करणारा. वीस वर्षांत चर्चची पायरी चढलेला नाही.”

मग त्यानं ‘अमोनियाविना’ लिहिलेला दुसरा डबा दिला. अमोनिया खरोखरच नव्हता. ते लांबलचक नाव मात्र ऐसपैस बसलं होतं. भुरट्या चोराला हाकलून दरोडेखोराला पलंग द्यावा, तसा प्रकार. मावशीचा दुसराही कान कामी आला. दोन्ही डबे तिहोमीरनं परत घेतले नाहीत. फोडलेला माल परत घेत नाही म्हणाला. फोडलेल्या कानांबद्दल त्याच्याकडे काही नियम नव्हता.

या भानगडीत महिना गेला आणि मावशीच्या भांगाशी दोन बोटं पांढरं दिसू लागलं. आमच्याकडे घरात कोणी गेलं की बाई चाळीस दिवस केसांना रंग लावत नाही. त्यामुळे रंग नाही म्हणजे कोणीतरी गेलंय, हा हिशेब गावानं स्वतःच मांडला. मुलं व्हिएन्नात, त्यांचे फोटो रोज दिसतात. राहिले काका. ते आठवडाभर मळ्यातल्या खोपीत प्लमची दारू, म्हणजे राकिया, गाळत बसले होते, म्हणजे दिसत नव्हते. शेजारच्या स्तामेंकानं मयतासाठी करतात तो उकडलेल्या गव्हाचा प्रसाद आणला आणि मदत म्हणून विजेच्या खांबावर काकांच्या निधनाची सूचनाही लावली. ते जिवंत आहेत, असं मावशी ओरडून ओरडून सांगत होती. पण आक्रोशच तो, बायकांनी तिला धरून बसवलं.

आठव्या दिवशी काका परतले. खांबावरचा फोटो त्यांना आवडला. कॅफेत मित्रांनी त्यांच्या आत्म्यासाठी जमिनीवर दोन थेंब राकिया सांडली, तेव्हा सवयीनं त्यांनीही सांडली. जाहीर झालेली गोष्ट मागे घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

मावशीला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ती बस पकडून निश शहराच्या बाजारात गेली आणि एका जडीबुटीवालीकडून मेंदीची पूड घेऊन आली. नुसता वाळलेला पाला, दुसरं काही नाही. कानामागे दोन दिवस ठेवली. काहीच झालं नाही. मग डोक्यावर थापली, धुतली. पांढऱ्याचं गाजरासारखं केशरी झालं.

मावशी आरशात बराच वेळ बघत राहिली. “गाजर तर गाजर,” ती म्हणाली. “डोळे उघडे आहेत.” महिन्याभरात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

ते हसू कोपऱ्यावरच्या कॅफेपर्यंत टिकलं. तिथे स्तामेंकानं गाठलं.

“बाराच दिवस, राडोयका? त्याच्यावरची माती अजून ओली आहे ग.”

“तो बघ तिथं बसून बुद्धिबळ खेळतोय.”

स्तामेंकानं काकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “निदान त्याच्यासमोर तरी असं बोलू नकोस.”

घरी आल्यावर काकाही रुसले. मिरच्या भाजत होते, मावशीकडे बघेनात. शेवटी म्हणाले, “माझं काही म्हणणं नाही. पण चाळीस दिवस थांबली असतीस तर माझीही काही किंमत राहिली असती.”

मावशीनं हातातली पिशवी खाली ठेवली.

“डब्यावर धडधडीत खोटं छापलं, माझा जीव जाता जाता राहिला, तेव्हा या गावात एक माणूस बोलला नाही. मी पाल्याची पूड लावली तर सुतक मोडलं? आणि तेही कुणाचं, तुझं?”

काकांनी मिरची उलटली. मावशीनं मला कागद घ्यायला सांगितला आणि उभ्या उभ्या मजकूर सांगितला. तो असा:

“प्रति, आरोग्य विभाग, नगरपालिका. ‘नैसर्गिक’ असे छापलेला केसांचा प्रत्येक रंग विक्रीस येण्यापूर्वी विभागप्रमुखांनी तो जातीने स्वतःच्या कानामागे लावून अठ्ठेचाळीस तास कार्यालयात हजर राहावे. प्रमुखांना कान दोनच असल्याने एका वेळी दोनपेक्षा अधिक रंग तपासणीस घेऊ नयेत. प्रमुख रजेवर असल्यास उपप्रमुखांचे कान वापरावेत. तोवर गावातील सर्व डबे फळीवर उलटे मांडण्याचा आदेश व्हावा, जेणेकरून बारीक अक्षरे गिऱ्हाइकाकडे व हसरी बाई भिंतीकडे राहील. अंमलबजावणी सोमवारपासून व्हावी, ही नम्र विनंती.”